वेक्टर चित्र पारखायचे तर मूळ फाइल उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकावरच्या वेक्टर चित्रकलेविषयी आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे येत आहेत. फोटो खाली ठेवून त्यावर रेषा ओढणे ही कलाच नव्हे, असे काहींचे म्हणणे. सपाट रंग आणि मोजके आकार असलेले चित्र तेवढेच खरे वेक्टर, असे दुसऱ्यांचे. चित्र डोळ्यांना चांगले दिसले म्हणजे झाले, ते कसे केले याची उठाठेव कशाला, असे तिसऱ्यांचे. तिन्ही मतांमध्ये शैली आणि तंत्र यांची सरमिसळ झाली आहे. शैली ज्याची त्याची. तिच्यावर वाद घालावा, निकाल देऊ नये. तंत्राचे तसे नाही. फाइल शेवटी कुठे जाणार आहे, फ्लेक्सवर, टी-शर्टवर, रेडियमचे स्टिकर कापणाऱ्या कटरवर की मोबाइलच्या पडद्यावर, त्यावरून तंत्र बरोबर की चूक हे ठरते. आणि मूळ फाइल उघडली की ते तपासताही येते.

वेक्टर चित्रात ठिपके (पिक्सेल) नसतात, वक्रांची गणिते असतात. दोन टोकांचे दोन नोड (वक्राचे बांधबिंदू) आणि त्यांतून निघालेली दोन हँडल (वळण ओढायच्या दांड्या), एवढ्या चार बिंदूंवर प्रत्येक वक्राचे वळण ठरते. हे गणित फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत जन्मले: सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात ते मांडले. हा वक्र वापरणारी चित्रांची सॉफ्टवेअर पुढे आली: इलस्ट्रेटर १९८७ मध्ये, कोरल ड्रॉ १९८९ मध्ये, मोफत मिळणारे इंकस्केप २००३ मध्ये. तिन्हींच्या पोटात वक्र तोच आहे. त्यामुळे अमुक सॉफ्टवेअरवर काढलेले चित्र वरच्या दर्जाचे, या मतावर जागा घालवण्यात अर्थ नाही.

नोडच्या संख्येवरचा वाद मात्र महत्त्वाचा आहे. गोल काढायला चार नोड पुरतात, हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली की झाले. असा गोल गणिताच्या कसोटीवर अगदी तंतोतंत नसतो, पण चूक त्रिज्येच्या ०.०२७ टक्के, म्हणजे १ मीटर त्रिज्येच्या गोलात जेमतेम पाव मिलिमीटर. हाताने ठोकलेल्या वीस-पंचवीस नोडांचा गोल याहून अचूक होत नाही, उलट खडबडीत होतो. कारण प्रत्येक नोडपाशी दोन्हीकडची हँडल एका सरळ रेषेत असावी लागतात. ती किंचित जरी हलली तरी तिथे कोपरा पडतो. लॅपटॉपवर तो दिसत नाही, दहा फुटी फ्लेक्सवर लांबून दिसतो.

म्हणून जाणकार सांगतात की नोड कमी ठेवा. सल्ला चांगला आहे, पण त्याचा आता नियमच होऊन बसला आहे, आणि नोड मोजून चित्राला गुण द्यावेत इथपर्यंत एका पत्रलेखकाची मजल गेली आहे. नोड कमी हवेत, यापेक्षा ते योग्य जागी हवेत. वक्राचे डावे-उजवे आणि वरचे-खालचे टोक, जिथे वळण उलटे फिरते ती जागा, आणि जिथे खरोखर कोपरा आहे ती जागा, एवढ्या ठिकाणी नोड लागतोच. टोकाच्या नोडची हँडल अगदी उभी किंवा अगदी आडवी ठेवावीत. या जागा सोडून पडलेला नोड शंकास्पद. पण संख्या कमी करायची म्हणून सिम्प्लिफाय किंवा रिड्यूस नोड्स ही आज्ञा सरसकट चालवली, तर ती नेमके हवे ते कोपरे गोल करून टाकते. अक्षराचा तिरका काप, पानाचे टोक, पैठणीच्या नक्षीतल्या मोराची चोच यांचा त्यात पहिला बळी जातो.

बीबी का मकबऱ्याचा घुमट घेऊ. मराठवाड्यात तो किती लेटरहेडांवर, किती बोधचिन्हांवर आहे याची गणती नाही. घुमट दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून अर्धाच काढायचा. एक नोड मानेपाशी, जिथे घुमट सुरू होतो. दुसरा सगळ्यात फुगीर भागावर, हँडल उभी. तिसरा वर निमुळते होताना वळण उलटते तिथे. चौथा टोकाला. अर्ध्या बाजूला चार नोड. आरसा प्रतिमा घेऊन वेल्ड केले, म्हणजे दोन्हींचा एकसंध आकार केला, की टोकाचा नोड दोन्हीकडे सामाईक राहतो आणि सगळा घुमट सात नोडांत बसतो. वेल्ड करण्याआधी दोन्ही अर्ध मधल्या रेषेवर तंतोतंत टेकले आहेत ना हे स्नॅप (आकार आपोआप चिकटवणारी सोय) लावून पाहावे. केसाएवढी फट राहिली तरी टोकाशी दोन नोड एकमेकांशेजारी उभे राहतात, आणि कटरची सुई तिथे अडखळते.

हाच घुमट मोबाइलच्या फोटोवरून ऑटो ट्रेस केला, म्हणजे सॉफ्टवेअरकडूनच रेषा काढून घेतल्या, तर काय होते? जवळ उभे राहून मोबाइल वर करून फोटो काढला की मिनार आत झुकलेले येतात. ट्रेस त्या झुकावासकट उतरवतो. त्याला मिनार सरळ असतात हे ठाऊक नसते. शिवाय जेपीजी फाइल ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलेली असते आणि कडेभोवती बारीक मळ सोडते. ट्रेस त्या मळालाही आकार समजून नोड टाकत जातो. दोन रंगांच्या सीमेवर मधल्याच छटेच्या चिंचोळ्या चिरोट्या तयार होतात. पडद्यावर त्या ओळखू येत नाहीत, छपाईसाठी रंग वेगळे करायला बसले की हाताला लागतात.

एवढ्यावरून ऑटो ट्रेस त्याज्य ठरत नाही. कागदावर शाईने काढलेले अक्षर, लिनोकटचा ठसा, जुन्या लग्नपत्रिकेची वेलबुट्टी अशा काळ्या-पांढऱ्या मुळांवर तो चांगला चालतो. मूळ ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे, थोडे धूसर करून मग शुद्ध काळे-पांढरे करावे, आणि नंतरच ट्रेस लावावा. इंकस्केपमधला ट्रेस ज्या पोट्रेस नावाच्या प्रोग्रामवर चालतो, तो तर अशा दोन रंगांच्या प्रतिमेसाठीच लिहिलेला आहे. ट्रेसनंतर कोपरे हाताने दुरुस्त करायचे आणि अनावश्यक नोड एकेक करून काढायचे, हे काम टळत नाही. ट्रेस केले म्हणून चित्र फुकाचे, हे मत मला पटत नाही. ट्रेस करून तसेच पुढे पाठवले, तिथे हरकत घ्यावी. आणि फोटो दुसऱ्याचा असेल तर त्यावरून काढलेले चित्र हेही रूपांतरच. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे, तेव्हा नेटवर सापडला म्हणून फोटो आपला होत नाही.

शिवजयंती आणि १४ एप्रिल जवळ आले की टी-शर्टसाठी व्यक्तिचित्रांची मागणी येते, आणि शैली-तंत्राची गल्लत सगळ्यात महाग पडते ती इथेच. समजा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तीन छटांचे चित्र निळ्या टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंगने छापायचे आहे. नेहमी घडणारी चूक अशी: पांढऱ्या कागदासाठी काढलेली काळी छाया-आकृती तशीच उचलून पांढऱ्या शाईने निळ्या कापडावर छापतात. सावल्या उजळ होतात, कपाळ काळवंडते, चेहरा फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसतो. गडद कापडावर कापडाचाच रंग ही सावली धरायची असते. उजेडाचा भाग पांढऱ्या शाईचा, मधली छटा फिकट निळी, आणि सावली म्हणजे न छापलेली मोकळी जागा. तीन छटा, पण शाई गाळायच्या जाळ्या, म्हणजे स्क्रीन, दोनच.

यात चष्म्याची कड ही खरी परीक्षा. ती गडद, म्हणजे छापायचीच नाही. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या शाईने वेढलेली मोकळी रेघ ठेवायची. कापडावर शाई पसरते आणि ही रेघ बुजत जाते. म्हणून पडद्यावर नीट दिसते तिच्यापेक्षा ती जाडच ठेवावी, छापील मापात साधारण दीड ते दोन पॉइंट (एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग). छापायची सुटी रेघही १ पॉइंटच्या खाली नेऊ नये. फिकट निळ्याखाली पांढरा थर द्यायचा असेल तर तो वरच्या रंगापेक्षा सगळीकडून अर्धा ते एक पॉइंट आत घ्यावा, नाहीतर स्क्रीन जरा सरकली की कडेला पांढरी किनार डोकावते. ऑटो ट्रेस लावला तर चष्म्याखालची सावली आणि डोळा एकाच डागात मिसळतात आणि नजरच हरवते. डोळा, चष्मा आणि ओठ एवढे तरी हाताने काढावेच लागतात. इथे सपाट शैली ही आवड उरत नाही, माध्यमाची अट होते.

उलट बाजूने पाहू. ग्रेडियंट मेशने, म्हणजे रंगछटांच्या जाळीने, काढलेली हुबेहूब चित्रे वेक्टर नव्हेत, हे विधान साफ चुकीचे आहे. मेशच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग असतो आणि त्यांच्यामधली छटा गणितानेच भरली जाते. काम चिवट आहे. पहिली चूक होते ती अख्ख्या चेहऱ्यावर एकच जाळी टाकण्यात. नाकाच्या शेंड्यासाठी एक रेघ वाढवली की ती थेट कानापर्यंत जाते आणि गालावर नको तिथे बिंदू पडतात. नाक, पापण्या, ओठ, कान यांच्या जाळ्या वेगळ्या कराव्यात, ३ बाय ३ पासून सुरुवात करावी, आणि जिथे रंग वळतो तिथेच रेघ वाढवावी. जाळीच्या रेघा गालाच्या गोलाईबरोबर वळल्या पाहिजेत. आडव्या-उभ्या सरळ राहिल्या की चेहरा पत्र्याचा दिसतो. हे ज्याला जमते त्याच्या मेहनतीला मी मनापासून दाद देतो.

पण मेशचे चित्र जाते कुठे, हा प्रश्न राहतोच. वेबसाठीचे एसव्हीजी स्वरूप २००१ मध्ये प्रमाणित झाले, आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीतून मेश ग्रेडियंट वगळला गेला. ब्राउझर तो दाखवत नाहीत. निर्यात करताना त्याचे पिक्सेल होतात. रेडियमला, भरतकामाला त्याचा उपयोग नाही. फ्लेक्सला चालतो, पण फ्लेक्सवाला फाइल शेवटी पिक्सेलमध्येच घेतो: १० बाय ८ फूट, ७२ डीपीआय, म्हणजे ८,६४० बाय ६,९१२ पिक्सेल. फक्त फ्लेक्ससाठीच चित्र हवे असेल तर तेच काम ब्रशने रंगवून कमी श्रमात होते. त्याच फ्लेक्सवर साध्या ग्रेडियंटचीही, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात जाणाऱ्या छटेचीही, एक अडचण असते. दोन रंगांमध्ये जास्तीत जास्त २५६ पायऱ्या धरल्या तर दहा फुटांत प्रत्येक पायरी सुमारे १२ मिलिमीटरची होते. दोन्ही रंग एकमेकांजवळचे असतील तर पायऱ्या आणखी कमी, म्हणजे पट्टे आणखी रुंद. आकाशाच्या निळ्यात ते स्पष्ट दिसतात. तेवढा भाग पिक्सेलमध्ये घेऊन त्यावर बारीक दाणा टाकला की पट्टे मोडतात.

आकार एकमेकांना टेकवून ठेवावेत की एकावर एक चढवावेत, हाही असाच भांडणाचा मुद्दा. टेकवून ठेवले तर पडद्यावर दोन आकारांच्या मधून मागचा रंग केसासारखा झिरपतो, आणि छपाईत रंगांची जुळणी (नोंदणी) जरा चुकली की कागद दिसतो. म्हणून छपाईसाठी खालचा आकार वरच्याच्या आत सरकवावा; ऑफसेटला पाव ते अर्धा पॉइंट पुरतो, हाताने ओढलेल्या स्क्रीनला जास्त लागतो. रेडियममध्ये मात्र थरावर थर आले की कड उचलते आणि उन्हात सुटते. तिथे टेकवलेले आकारच बरे. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या यंत्रासमोर बसून बोलत आहेत, आणि आपापल्या जागी ते बरोबर आहेत.

देवनागरीची एक गोष्ट या चर्चेत कोणीच काढली नाही, म्हणून जरा सविस्तर. इंग्रजी अक्षरे सुटी असतात. आपली शिरोरेषेने जोडलेली, आणि फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे वक्रांच्या आकारांत, बदलला की ही चढण उघडी पडते. तसेच रेडियम कटरला पाठवले तर सुई प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. सोलताना ते हातात येतात. आउटलाइन (कडेची रेषा) दिली तर प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते. सगळी अक्षरे कंबाइन केली, म्हणजे न वितळवता एका आकारात जोडली, तर चढलेल्या जागी पांढरी भोके पडतात. उपाय वेल्ड हाच, पण त्यातही खाच आहे. आधी ब्रेक अपार्ट करून (प्रत्येक कड सुटी करून) मग सगळे वेल्ड केले की अक्षरांच्या आतली पोटे बुजतात, ब आणि व एकसारखे होतात. प्रत्येक अक्षराचे पोट त्या अक्षराशी कंबाइन ठेवूनच वेल्ड करावे. मात्रा आणि अनुस्वार त्यानंतर एकदा नजरेखालून घालावेत. सुटा अनुस्वार २ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो सोलताना निघून येतो. वाहनांवरच्या कितीतरी नावांचे अनुस्वार असेच गळालेले दिसतात.

आउटलाइनचीच आणखी एक खोड. रेषा मापाबरोबर वाढावी ही खूण केलेली नसेल, तर व्हिजिटिंग कार्डावरचे बोधचिन्ह बोर्डाएवढे केले की रेषा धाग्यासारखी राहते, आणि बोर्डावरचे कार्डावर आणले की रेषा आकाराला गिळते. बोधचिन्ह पक्के झाले की आउटलाइनचे आकारात रूपांतर करून टाकावे; कोरलमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि क्यू. न बदललेली प्रत वेगळी जपून ठेवावी, दुरुस्ती तिच्यातच करता येते.

रेषेच्या जाडीबद्दल आपल्या भागातल्या मुलांना दुसरीकडे शिकायला जायची गरज नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आधी गेरूच्या रेषेने आकृती बांधली, रंग भरले, आणि वरून पुन्हा रेषा ओढली. लेणी क्रमांक १ मधल्या पद्मपाणीची भुवई, बोटे आणि खांदा नीट पाहावेत; रेषा वळणावर भरते आणि सुटताना बारीक होते, आणि त्या भरण्या-सुटण्यातून गोलाई येते. एकाच जाडीच्या स्ट्रोकने ही आकृती काढली की तारेची होते. जाडी बदलायचे मार्ग तीन. टॅब्लेटवर दाबाने चालणारा ब्रश: रेषा जिवंत येते, पण आकारात रूपांतर केल्यावर नोडांचा ढीग लागतो. दुसरा, रेषेची जाडी हव्या त्या जागी ओढून बदलणे. इलस्ट्रेटरमध्ये २०१० पासून विड्थ टूल आहे, इंकस्केपमध्ये पॉवर स्ट्रोक. तिसरा, पेन टूलने रेषेच्या दोन्ही कडा काढून तिचा बंद आकार करणे. तिसरा सगळ्यात सावकाश, आणि माझ्या मते सगळ्यात शिकवणारा. बोटांसारख्या नाजूक जागी तोच वापरावा. केस, वस्त्राच्या चुण्या यांना ब्रश चालतो. माउसवर काढलेले तेच खरे कसब आणि टॅब्लेट म्हणजे पळवाट, हे मत अजिंठ्याची एक बोटाची रेषा माउसने ओढून पाहिली की टिकत नाही.

आता मागणी. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत आणि महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत वेक्टर विभागासाठी फक्त जेपीजी किंवा छापील प्रत मागवली जात असेल, तर परीक्षक तंत्र कशावरून तपासणार? सीडीआर, एआय किंवा एसव्हीजी ही मूळ फाइल मागवावी. फोटोचा आधार घेतला असेल तर तो फोटोही सोबत मागवावा आणि तसे लिहून घ्यावे; आधार घेतला म्हणून गुण कापू नयेत, लपवला तर कापावेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली प्रतिमा ट्रेस केली असेल तर तीही सांगायला लावावी. चित्र कशासाठी आहे, छपाई, कटिंग की पडदा, हे प्रवेशिकेत लिहायला जागा असावी, म्हणजे टी-शर्टच्या चित्राची तुलना मेशच्या व्यक्तिचित्राशी होणार नाही. परीक्षकाचे काम फार वाढत नाही: कोरलमध्ये वायरफ्रेम, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय, इंकस्केपमध्ये डिस्प्ले मोडमधले आउटलाइन वापरले की रंग बाजूला होऊन नुसता सांगाडा दिसतो. निवडलेल्या वक्रात किती नोड आहेत ते कोरलच्या खालच्या पट्टीवर लिहून येते. चित्र दहापट मोठे करून चार जोड पाहिले तरी हात कळतो. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत संकल्पचित्र आणि भूमिती मन लावून केलेली मुले इथे पुढे निघतील, असा माझा अंदाज आहे.

आपल्याकडेही एक विनंती. रविवारच्या पुरवणीत वेक्टर चित्रे छापता, तेव्हा शेजारी एका कॉलमात त्या चित्राचा सांगाडाही छापावा. वृत्तपत्राच्या कागदावर पाव पॉइंटखालची रेषा तुटते, त्यामुळे सांगाड्याच्या रेषा निदान अर्ध्या पॉइंटच्या, शुद्ध काळ्या, चार रंगांच्या मिश्रणातून न आलेल्या असाव्यात, आणि फाइल पीडीएफमध्ये पाठवावी, एवढी सूचना चित्रकारांना आधी द्यावी.

आपला,
एक ग्राफिक डिझायनर
लातूर